कितक्या बारचा होया

गौरी आल्या त्या दिवशी शालन तिसऱ्या पायरीवरून गेली.
गेली म्हणजे घसरली.
मनगट मोडलं, डावं.
हातातलं हळदीकुंकवाचं ताट मात्र सरळ राहिलं,
हे पुढचा दीड महिना
ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती.

आचऱ्यात चिऱ्याची पायरी चार महिने ओलीच.
आधी हिरवी, मग काळी, मग ओल्या साबणासारखी.
ब्लीचिंग पावडर झाली, तारेचा ब्रश झाला,
खराटा तर आमच्या लग्नाआधीपासूनचा.

बावतीसकडे फवाऱ्याचं मशीन आहे, विजेवरचं.
तोच म्हणाला, "लाइट गेली काय खोको."
आणि लाइट आमच्या वाडीत येते
ती घाईतल्या सोयऱ्यासारखी,
चहा ठेवेपर्यंत उठते.

म्हणून पेट्रोलचं.

दसरा झाल्यावर कणकवलीला गेलो.
रेडकरांचा भाचा दुकानात होता.
"कितक्या बारचा होया?"
अडीचशेपासूनच सुरुवात केली त्याने.
शालन म्हणाली, "माका पायरी धुवची आसा,
डोंगर फोडूचो नाय."

मी एसटीत अठ्ठावीस वर्षं, पहिली चार वॉशिंग रॅम्पवर.
पाण्याला धार असते हे मला सांगायला नको.
एका पोराचा बूट फाडून
पाणी बोटात शिरलेलं पाहिलंय मी.
तर मी पंपाचं डोकं नखाने खरवडलं.
ॲल्युमिनियम. खारा वारा दोन वर्षांत खाणार.
दुसऱ्याचं पितळी. उचलतानाच कळलं.
दीडशे बार, मिनिटाला दहा लिटर,
ऑइल वेगळं, पेट्रोल वेगळं.
आमच्या विहिरीला वाळू येते,
जाळी कुठे बसते तेही विचारून घेतलं.
माझं ठरलं होतं. पाकीटही काढलं होतं.

तिने काहीच विचारलं नाही.
पदर खोचला,
प्लास्टर नुकतंच निघालेला हात पोटाशी धरला
आणि उजव्याने माझ्या पितळी मशीनची दोरी ओढली.
नाही.
पुन्हा. नाही.
चौथ्यांदा भाचा मदतीला पुढे आला,
तिने त्याला नुसत्या भुवईने मागे केलं.
मग माझ्याकडे वळली,
"तुमी घरात नसल्यार ह्या कोण ओढतला?"

कोपऱ्यात, रंगाच्या डब्यांमागे एक होतं,
मागच्या वर्षीचं, चाकावर धूळ, एकशेवीस बार.
दुसऱ्या ओढीला पेटलं.
सगळं दुकान धुराने भरलं, ती हसत होती.
पंप कसला ते विचारू नका.
दर वेळी वापरून झालं की
गोड्या पाण्याने धुऊन ठेवीन, म्हणालो.

घरी आल्यावर लाल नोझल मी गुपचूप खिशात टाकलं,
पांढरं लावून दिलं.
जांभा तसा मऊ, आपल्याच माणसासारखा,
लांबून बोललं तर ऐकतो.
ती जवळ गेली, चिऱ्यातून लाल पाणी सुटलं.
"वायच मागे सर," मी ओरडलो.
इंजिनाच्या आवाजात तिला ऐकू गेलं नाही,
पण ती सरली.

पहिली पायरी. दुसरी.
तिसरीपाशी ती जरा जास्तच थांबली,
जुना हिशेब असावा तसं.
कडा, सांधे, कोपरा, पुन्हा कडा.
खाली इतका तांबडा रंग होता
हे आम्ही दोघंही विसरलो होतो.

मी पाइप गुंडाळायला विहिरीकडे गेलो.
परत येतो तर इंजिन अजून चालू,
आणि पावसाने काळ्या पडलेल्या गडग्यावर
वीतभर उंचीचं, लख्ख तांबडं,
शा.
तिला म्हटलं, लोक काय म्हणतील, पूस आता.
ती म्हणाली, पुसायचं कसं?
ह्याच्या भोवतीचा सगळा गडगाच धुवायला हवा.
तेवढ्यात इंजिन दोनदा खोकलं, थांबलं.
टाकी रिकामी.

पेट्रोल आणायला आचरा तिठ्यापर्यंत जावं लागतं.
आज सोमवार.
मी गुरुवारी जाईन म्हणतो.